घरातली दोन मतं

…तर कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली खिशात टाकून किल्लीवाला आपल्या दुकानात येऊन बसला, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात आमच्या हिने जेवायला हाक मारली आणि गोष्ट उंबऱ्यातच राहिली. काल जे नव्हते ते विचारतील, कुलूप कसलं आणि आत कोण? त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मागे जायला मला आवडतंच. पुढे जायला आता उरलंय किती!

आत त्याची बायको होती आणि दिवस मतदानाचा होता.

आमचं गाव उतारावर वसलंय. वर पाण्याची टाकी, खाली बाजार, आणि दोन्हींना जोडणारी दगडी पायऱ्यांची एक लांब गल्ली. वरच्या अंगाला राहतात ते शिडीवाले, खालच्या अंगाला किटलीवाले. ही पक्षांची चिन्हं. पक्षांना खरी नावंही आहेत, चांगली हातभर लांब, पण ती इतकी सारखी आहेत की उमेदवारसुद्धा भाषणात चुकतात. वरच्यांचा न्हावी वेगळा, खालच्यांचा वेगळा. डॉक्टर दोन. दोघं एका बाकावर बसून शिकलेले, पण शिडीवाल्याचा ताप किटलीवाल्या डॉक्टरच्या गोळीने उतरल्याचं कधी ऐकलं नाही. मूळ भांडण कशावरून, विचाराल तर कुणी म्हणतं टाकीच्या पाण्यावरून, कुणी म्हणतं गटारावरून. माझे वडील म्हणायचे, "बाबा रे, गटार वरून खाली वाहतं आणि राग खालून वर चढतो, याच्यापलीकडे मला काही कळलं नाही."

आणि मतं! आमच्याकडे मतं माणसांची मोजत नाहीत, दारांची मोजतात. उमेदवार दारात येतो, घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारतो, "तुमची किती?" तो म्हणतो, "पाच." झालं. आतल्या चौघांना ते जेवताना कळतं, तेही कर्त्याला आठवलं तर. मुलीचं लग्न झालं की तिचं मत तिच्या ट्रंकेबरोबर सासरी येतं आणि तिथल्या फळीवर जाऊन बसतं. खालच्या आळीची मुलगी वर दिली की पेटीत एक किटली कमी, एक शिडी जास्त. चहाच्या टपरीवर लोक असा हिशेब करून निकाल आधीच सांगायचे आणि तो फारसा चुकायचा नाही. मतमोजणी म्हणजे आपण सोडवलेल्या गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागे बघण्यासारखं.

या दोन आळ्यांच्या बरोबर मध्ये, जिथे पायऱ्या जरा रुंद होतात, तिथे किल्लीवाल्याचं दुकान. समोर माझं सायकल दुरुस्तीचं. पायऱ्यांच्या गल्लीत सायकलचं दुकान काढणारा मी एकटाच शहाणा, असं लोक म्हणायचे. मी म्हणायचो, अरे, पायऱ्यांवरून सायकली उतरवता म्हणून तर मोडतात, मग मी दुकान सपाटीवर कशाला काढू?

किल्लीवाल्याच्या वडिलांचा एक नियम होता, तो त्याने देव्हाऱ्यासारखा सांभाळला. कुलूपवाल्याला बाजू नसते. का, तर कुलपाबरोबर आपण दोन किल्ल्या देतो, पण तिसरी करता येते हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. ती आपण करत नाही, या भरवशावर धंदा चालतो. एकदा का तुम्ही शिडीवाले ठरलात, की खालच्या आळीतल्या प्रत्येकाला रात्री दाराची कडी वाजल्यासारखी वाटायला लागते. म्हणून हा माणूस मतच द्यायचा नाही. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं की दोन्ही हात फळीवर पसरून बसायचा. शाई नाही, डाग नाही. वरचे यायचे, बघायचे, खालचे यायचे, बघायचे. मी त्याला म्हणायचो, "अरे, दहा बोटं काय दाखवतोस, एक पुरे की." तो म्हणायचा, "दादा, लोक नऊ बघतात आणि दहाव्याबद्दल शंका घेतात."

आणि तो देत नाही म्हटल्यावर बायकोही देत नाही, हे ओघानेच आलं.

आता बायकोचं सांगतो, कारण गोष्ट खरी तिची आहे. मी तिला वहिनी म्हणतो. वहिनी खालच्या आळीची, पक्क्या किटलीवाल्या घरातली. लग्नाआधी तिने एकदाच मत दिलं होतं, वडिलांचं बोट धरून नाही तर त्यांच्या पुढे चालत, असं ती आमच्या हिला सांगायची. शाई लवकर जाऊ नये म्हणून त्या हाताने भांडी घासली नव्हती म्हणे, आईची बोलणी खाल्ली होती. मग लग्न झालं आणि ती अर्धा उतार चढून इथे आली. मधल्या पायरीवर.

सुरुवातीला ती नवऱ्याच्या हातावर उजेड धरायची. किल्लीवाल्याचं काम बारीक, आणि दुकानात खिडकी नाही. तो शिकंज्यात किल्ली आवळून कानस चालवायचा आणि ही दिवा धरून उभी. बघून बघून शिकली. मग त्याची नजर कमी झाली तशी कानस हिच्या हातात आली, पण कशी, तर आतल्या बाजूला, पडद्यामागे. गिऱ्हाईक पुढे त्याच्याकडे जुनी किल्ली द्यायचं, तो ती मागे सरकवायचा, थोड्या वेळाने नवी पुढे यायची. मला हे ठाऊक होतं कारण माझ्या दुकानातून पडद्याखालचे पाय दिसायचे. एकदा मी म्हटलं, "वहिनी, पाटीवर तुमचं नाव घाला आता." तर पडद्यामागून आवाज आला, "घालते की, आधी तुम्ही तुमच्या पाटीवर 'पंक्चर बायको काढते' असं लिहा." आमची ही काढायची हो पंक्चर.

घराच्या दाराचं कुलूप तिने स्वतः बनवलेलं. हौसेने. आतली पत्ती न् पत्ती तिच्या हातची. किल्लीवाला सगळ्यांना सांगायचा, माझ्या घराचं कुलूप गावात कुणाला उघडता येणार नाही. खरं होतं. एक माणूस सोडून.

तर त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत किटलीकडून उभा राहिला वहिनीचा धाकटा भाऊ. सिमेंट आणि पाइपांचं दुकान, म्हणून गाव त्याला सिमेंटशेठ म्हणतं. माणूस वाईट नाही. हसतमुख, उधळ्या, मिठी मारणारा. वहिनीने त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. आई त्याच्याकडे राहायची, म्हातारी, कान गेलेली, आणि वहिनी दर आठवड्याला तिचं डोकं धुवायला खाली जायची. ते तिचं माहेर.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सिमेंटशेठ किल्लीवाल्याच्या घरी आला. मी तिथेच ओट्यावर होतो. त्याने मेहुण्याच्या पायाशीच बैठक मारली.

"भावोजी, घरातली दोन मतं मला हवीत."

"माझ्या घरातून मत निघत नाही. तुला माहिती आहे."

"अहो पण मी परका आहे का? सख्खा मेहुणा!"

"म्हणून तर नाही. तू उभा आहेस म्हटल्यावर सगळं गाव माझ्या बोटाकडे बघणार."

"एक तरी द्या मग. घासाघीस नको, दोनाचं एक."

"अर्धंसुद्धा नाही."

"ताई, चहा टाक गं!" सिमेंटशेठ आत बघून ओरडला. "तुझा नवरा ऐकत नाही, घसा सुकला माझा."

वहिनी कपबशा घेऊन बाहेर आली तोवर तिच्या मताचा निकाल लागून गेला होता. सिमेंटशेठने बशीत ओतून चहा प्यायला, बशी तिच्या हातात दिली, मेहुण्याला पुन्हा एकदा हात जोडले आणि गेला. त्याच्या आधी सकाळी शिडीवाले येऊन गेले होते. तेही म्हणाले होते, "तुमच्या घरची दोन मतं द्या नका देऊ, पण मेहुण्याला देऊ नका म्हणजे झालं." किल्लीवाल्याने त्यांनाही चहा पाजला. तोही तिनेच केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीवाला दुकानात आला तो लालेलाल. मला म्हणाला, "दादा, बायका ऐकत नाहीत आताशा."

"काय झालं?"

"ठेवणीतले कपडे घालून चपला शोधत होती. मी विचारलं, कुठे? तर म्हणे, मत द्यायला. म्हटलं, कुणाला? तर काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, ते मी पेटीला सांगेन."

मी हसलो. तो नाही हसला.

"मग?"

त्याने खिशावर हात मारला. आत किल्ली वाजली. "संध्याकाळी उघडीन. चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल."

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही काय केलंत? मी त्याला म्हटलं, "गाढवा, बायकोला कोंडतोस?" तो म्हणाला, "कोंडलं नाही, दार लावलंय." आणि तो शहाणासुरता माणूस एका बिघडलेल्या कुलपात तेल घालत बसला. आणि एवढं तेल घातलं की ते फळीवरून ओघळून त्याच्या पायजम्यावर आलं तरी त्याला पत्ता नाही.

दुपारी मी जेवायला घरी निघालो. आमचं घर त्यांच्या समोरच, मागच्या बोळात. बघतो तर किल्लीवाल्याच्या दारात सिमेंटशेठ आणि त्याची चार-दोन माणसं. खालच्या आळीची सगळी दारं मोजून झाली होती, वरच्यांचीही मोजून झाली होती, आणि त्या वर्षी कधी नव्हे ते गणित अगदी काठावर आलं होतं. एकेका मतासाठी माणसं धावत होती. आजारी लोकांना खुर्चीवर बसवून आणत होती. एका बहिऱ्या म्हाताऱ्याला दोन्ही पक्षांनी एकाच खुर्चीत घालून दोन्हीकडून ओढलं, शेवटी खुर्चीचा हात मोडला आणि म्हातारा म्हणाला, मला शौचाला जायचंय. अशी गत.

सिमेंटशेठने दाराचं कुलूप हातात धरून हलवलं. गदगदा हलवलं. मग बोळात तोंड करून ओरडला, "बघा! बघा लोकहो! माझं मत आत कोंडलंय! माझं हक्काचं मत!"

कुणीतरी म्हणालं, हातोडा आणा. दुसरा म्हणाला, हे कुलूप हातोड्याने निघणारं नाही, दार निघेल. तेव्हा सिमेंटशेठ तसाच पायऱ्या चढून दुकानात गेला, आणि आम्ही सगळे त्याच्या मागे. जेवण राहिलं बाजूला.

"भावोजी, किल्ली द्या."

"नाही."

"ते मत माझं आहे!"

"मत माझ्या घरातलं आहे."

"बहीण माझी आहे!"

"बायको माझी आहे!"

"माझ्या आईबापाने तिला वाढवलं, ती जन्माची किटलीवाली आहे!"

"लग्न करून आली तेव्हा तुझी किटली तिथेच ठेवून आली. माझ्या घरात ना किटली, ना शिडी. माझ्या घरात कुलूप आहे!"

लोकांना इतकी मजा येत होती म्हणून सांगू! वरचे, खालचे, सगळे एका जागी उभे राहून टाळ्या पिटत होते. आमच्या गावात असा एकोपा मी नंतर पाहिला नाही. अखेर किल्लीवाल्याने किल्ली दिली नाही, सिमेंटशेठने एक चिमटा उचलून जमिनीवर आपटला आणि निघून गेला.

मी जेवायला पुन्हा बोळात आलो तेव्हा बोळ रिकामा होता. लख्ख ऊन. किल्लीवाल्याच्या दाराला लागूनच त्यांची खिडकी आहे, मोठ्या गजांची, तिथे बसून वहिनी धान्य निवडते. तर बघतो, त्या खिडकीतून वहिनीचा हात बाहेर आलेला. कोपरापर्यंत. हातात ओलं फडकं. तिने ते दाराच्या कुलपाच्या कडीवर अलगद वाळत घातलं, नीट दोन्ही टोकं सारखी केली, आणि हात आत गेला. मला हसू आलं. म्हटलं, वा वहिनी, नवऱ्याच्या कुलपाची दोरी केली! त्याच्यापुढे माझं डोकं चाललं नाही. भूक लागली होती.

मतदान संपलं. दुसऱ्या दिवशी मोजणी. आणि काय सांगू, दोघांना सारखीच मतं! पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली, सारखीच. टपरीवरच्या गणितज्ञांची तोंडं उतरली, कारण पुस्तकाच्या मागे हे उत्तरच नव्हतं. अधिकाऱ्याने नियम काढला. चिठ्ठी. बिस्किटांचा रिकामा डबा मागवला, दोन चिठ्ठ्या घातल्या, डबा हलवला, डोळे मिटून एक काढली. शिडी.

एका मताचा प्रश्न होता, आणि गावात ज्या घरातून एकही मत निघालं नव्हतं ते घर सगळ्यांना ठाऊक होतं.

शिडीवाल्यांची मिरवणूक टाकीपासून निघाली आणि नेमकी किल्लीवाल्याच्या दुकानापुढे थांबली. तो आपला दोन्ही हात फळीवर पसरून बसलेला, नेहमीसारखा. त्यांनी त्याला उचललं. खांद्यावर घेतलं. गळ्यात शिडीच्या रंगाचा रुमाल बांधला. "भावोजी झिंदाबाद!" म्हणून ओरडले. तो वरून "अहो नाही, अहो खाली ठेवा, मी कुणाचाच नाही" असं म्हणत होता, पण बँडमध्ये कोण ऐकतो? वडिलांचा नियम सांभाळून ठेवलेला तो सगळा एका रुमालात बांधला गेला.

दिवे लागायच्या सुमाराला सिमेंटशेठ बोळात आला. दार आता उघडं होतं. वहिनी उंबऱ्यात उभी राहिली. त्याने आवाज चढवला नाही, याचंच मला वाईट वाटलं. म्हणाला, "ताई, आजपासून मला बहीण नाही. आणि आईला मुलगी नाही. खाली यायचं नाही." वहिनीने तोंड उघडलं, पण तो वळला होता. आमच्या हिने मागून हाक मारली, "अरे, तिचं ऐकून तरी घे!" तो म्हणाला, "काकू, ऐकायचं होतं ते डब्यातून ऐकलं."

पुढच्या आठवड्यात कुलपं परत यायला लागली. खालच्या आळीतल्या लोकांनी किल्लीवाल्याकडची कुलपं दारांवरून काढली आणि त्याच्या पायरीवर आणून टाकली. ठण्, ठण्. शिडीच्या माणसाकडे आमच्या घराची किल्ली नको. ते समजण्यासारखं होतं. पण चार दिवसांनी वरचेही कुलपं आणून टाकायला लागले! किल्लीवाल्याने एकाला धरून विचारलं, "अहो, तुम्ही तर मला खांद्यावर घेतलंत!" तो म्हणाला, "घेतलं ना. पण मी बायकोला म्हटलं, जो सख्ख्या मेहुण्याला झाला नाही तो आपल्याला काय होणार?" असं तोंडावर बोलून तो कुलूप ठेवून गेला, शिवाय किल्लीही परत देऊन गेला, हिशेब चोख.

सगळ्या गावाने बाजारातून तयार कुलपं आणली. चकचकीत, स्वस्त. आणि ऐका आता. एकाच खोक्यातली कुलपं होती ती सगळी. काही दिवसांनी शिडीच्या अध्यक्षाने घाईत आपल्या कचेरीऐवजी किटलीच्या कचेरीच्या कुलपाला किल्ली लावली, आणि ते उघडलं! आत जाऊन खुर्चीत बसला तरी त्याला कळेना. भिंतीवर किटली दिसली तेव्हा कळलं. मला विचाराल तर आमच्या राजकारणातला तेवढाच काय तो खरा दिवस. पण लोकांनी काय केलं? किल्लीवाल्याकडे परत गेले? नाही. दोन-दोन कुलपं लावायला लागले.

किल्लीवाला खचला. पायरीवर कुलपांचा ढीग, तो एकेक उचलून आत मांडायचा आणि कुठलं कुणाच्या दारावरचं ते मला सांगायचा. त्याने ती मोडीत घातली नाहीत. माणसं दारात यायची थांबली तशी पडद्याची गरज उरली नाही, आणि एक दिवस वहिनीने तो पडदा धुवायला काढून नेला तो परत लावलाच नाही. ती पुढे फळीवर येऊन बसली. नवरा मागे. तो तिच्याशी बोलायला बघायचा, ती उत्तर द्यायची, पण जेवढ्यास तेवढं. त्याने चार दिवस म्हटलं होतं. चार दिवस फार लांबले.

आई गेली ते वहिनीला दूधवाल्याकडून कळलं. तोही बिचारा म्हणाला, "मला वाटलं तुम्ही तिथेच असाल." ती उठली, कानस खाली ठेवली, पायऱ्या उतरून आळीच्या तोंडापर्यंत गेली. तिथे किटलीची पोरं उभी होती, ती वाट अडवून तशीच उभी राहिली. वहिनी तिथून परत आली आणि अर्धवट राहिलेली किल्ली पुरी केली. मी समोरून बघत होतो. मी तिच्यासाठी चहा सांगितला, तो तिने तसाच ठेवला, त्यावर साय धरली.

त्यानंतर वर्षभरात किल्लीवालाही गेला. शेवटी शेवटी मला म्हणायचा, "दादा, मी कुणाचंच वाईट केलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे." त्यावर तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "मग असं का झालं?" त्या भिंतीवर गावभरची कुलपं टांगलेली होती.

हळूहळू लोक आले परत. नाइलाजाने येतातच. किल्ली हरवते, दार अडतं, कपाट उघडत नाही. वहिनी कुलपाला कान लावायची, आत तार घालायची, आणि उघडायची. गावात म्हणायला लागले, म्हातारीला कुठलंही कुलूप दोन सुस्काऱ्यांत उघडतं. वरच्यांचं, खालच्यांचं. तिला कुणी कधी बोट दाखव म्हटलं नाही. बाईच्या बोटाकडे कोण बघतो?

आणि मग पुन्हा निवडणूक आली.

परवाचीच गोष्ट. मी वहिनीच्या दुकानात बाकावर बसलो होतो. माझ्या दुकानाच्या शटरचं कुलूप गंजलं होतं ते घेऊन. खालून घोषणा ऐकू आल्या आणि सिमेंटशेठ पायऱ्या चढत आला. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, दम लागत होता. बरोबर त्याचा एक कार्यकर्ता. त्याने दाराकडे बघून आपल्या शेठला हळूच सांगितलं, पण मी ऐकलं, "इथे एकच. एकटी बाई आहे. पुरुष गेला."

म्हणजे दारात विचारायला कर्ता उरला नव्हता. सिमेंटशेठ घुटमळला. मी बाकावर होतो, तर सवयीने त्याची नजर आधी माझ्याकडे गेली! मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? मी गिऱ्हाईक आहे."

वहिनी शिकंज्यात किल्ली आवळून कानस चालवत होती. थांबली नाही.

"ताई," तो म्हणाला.

खर्र, खर्र.

"ताई, मी उभा आहे या खेपेला."

"दिसतंय की. बस, बाकावर जागा आहे. दम लागलाय तुला."

तो बसला नाही. कार्यकर्त्याला त्याने हाताने मागे जायला सांगितलं. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आईचं… त्या वेळी मी तुला कळवायला हवं होतं."

"हं."

"पण मलाही जाळत होतं ना गं! एका मताने गेलो मी. चिठ्ठीवर गेलो. सगळं गाव हसलं. आणि इतकी वर्षं मी भावोजींना शिव्या घातल्या. म्हटलं, बिचारी ताई, कोंडलेली, ती काय करणार! तुझा राग नव्हताच मला खरा."

"राग नव्हता म्हणून आईला भेटू दिलं नाहीस का?"

तो खाली बघायला लागला. मग एकदम मान वर करून म्हणाला, "पण आता लोक काय सांगतात मला? म्हणतात, तुझी बहीण कुठलंही कुलूप उघडते. आणि ते दाराचं कुलूप तर तूच बनवलं होतंस. मला कालच समजलं. मग मला एवढंच सांग ताई, नंतर मत दे नको देऊ, पण एवढं सांग. तुला त्या दिवशी उघडता येत होतं ना? मग तू बाहेर का नाही आलीस?"

मला ते फडकं आठवलं. कुलपाच्या कडीवर, दोन्ही टोकं सारखी.

वहिनीने कानस खाली ठेवली. किल्लीवरचा कीस फुंकला, ती उजेडात धरून दातांकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं.

"येत होतं की. दुसरी किल्ली आत खिळ्यावरच होती, ती घेऊन मी खिडकीत उभी होते. तू आलास, कुलूप गदगदा हलवलंस, माझं मत कोंडलंय म्हणून बोळ डोक्यावर घेतलास, आणि किल्ली मागायला दुकानात गेलास. हाताच्या अंतरावर होते रे मी, माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाहीस. तू म्हणत होतास मत माझं, हे म्हणत होते मत माझ्या घरातलं. मी म्हटलं, तुम्हा दोघांचंच आहे ते, तर तुम्हीच जाऊन देऊन या, मी कशाला उन्हात रांगेत उभी राहू?"